सिंकखालची फळी

आमच्या साताऱ्याच्या घरातल्या सिंकखालच्या कपाटाची तळाची फळी फुगली. आधी दार अडकायला लागलं, मग फळीच्या कडा भिजवलेल्या पोह्यांसारख्या फुलल्या, आणि एक दिवस साबणाचा डबा तिच्यावरून आपोआप घरंगळला. कपाट तयार घेतलेलं, तीन वर्षांपूर्वीचं. कुठून घेतलं हे सांगण्यात अर्थ नाही. पावती हरवली आहे आणि घ्यायचा सल्ला माझाच होता. बायकोने मिरजेला तिच्या मामांना फोन लावला. मामांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलंय. फोनवर त्यांनी एकच विचारलं, "फळी भिजली का कड भिजली?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाले.

बायको वाळवा तालुक्यातली, माहेरी ऊस. राहुरीच्या कृषी विद्यापीठात ती मृदाशास्त्र शिकली, सध्या माती तपासण्याचं काम करते आणि मातीच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही. मामा लाकडाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाहीत. फेब्रुवारी महिना होता, गळीत हंगाम जोरात होता. त्या दुपारचं दोघांचं बोलणं आठवलं तसं पुढे देतो. मी चहा केला आणि बॅटरी धरली.

मामांनी फळी उपसून काढली आणि गुडघ्यावर घेऊन मोडली. आतून तपकिरी चुरा गळला.

मामा: हे बघ. उसाचा भुसा हाय. तुझ्या बापाच्या रानातला बी असंल.

भाची: म्हणजे भुशाची फळी गळ्यात मारली म्हणून फुगली.

मामा: भुशानं न्हाई फुगली, कडंनं फुगली. वरनं मायका, खालनं मायका आन् मागची कड उघडी सोडलीय. पाणी तिथनं शिरलं. कडंला पट्टी मारून बंद केली असती तर अजून दहा वर्सं हलली नसती. लाकडाच्या चिपांचा बोर्ड असता तरी हेच झालं असतं. आता दुसरी गोष्ट, ह्यात गर लई राहिलाय. हे पांढुरकं भुसकट दिसतं का? ऊस खाताना तू साल सोलतीस, आत चघळायचं मऊ असतंय ना, ते. सालीचा धागा कणखर. गर म्हंजे निस्ता स्पंज. कारखान्यात फळी दाबताना आधी सरस पितो, मग आपल्या घरी येऊन पाणी पितो.

(सरस म्हणजे मामांच्या भाषेत चिकटवणारं काहीही. जनावरांच्या कातड्या-हाडांचा जुना सरस, फेविकॉल, कारखान्यातलं युरिया-फॉर्मल्डिहाइड, सगळं सरसच. उसाच्या चोथ्यात साधारण तिसरा हिस्सा हा गर असतो, आणि चांगला बोर्ड करायचा तर तो आधी झाडून वेगळा काढावा लागतो.)

भाची: मग अशी वस्तू करायचीच कशाला?

मामा: लाकूड कुठं हाय? जावईबापू, तुम्ही सांगा हिला. ९६ साली डिसेंबरात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, गोदावर्मन केसचा. जंगलतोडीला लगाम बसला, बिनपरवान्याच्या आरागिरण्या बंद पडल्या. त्यानंतर प्लायच्या पोटात जंगलातलं लाकूड जायचं थांबलं, शेताच्या बांधावरची निलगिरी आन् पॉप्लर आला. तिकडं हरियाणात यमुनानगर त्याच्यावरच उभं ऱ्हायलं. चेहऱ्याला लावायचं गर्जन ब्रह्मदेशातनं यायचं, तर त्यांनी २०१४ मध्ये अख्खे ओंडके बाहेर सोडायचे बंद केले. आन् गिऱ्हाईक म्हणतंय, मामा, किचन तीन लाखात बसवा.

भाची: म्हणून शेतात हात घालायचा.

मामा: शेतात नव्हं, शेतातल्या टाकाऊ मालात.

इथे खरं भांडण सुरू झालं. भाचीने हातातला कप खाली ठेवला.

भाची: उसातलं टाकाऊ काय ते दाखवा मला. बोटं मोजते. वाढं ऊस तोडणाऱ्या टोळीचं. त्यांची बैलं त्याच्यावर जगतात, उरलेलं गावात विकलं की त्यांचा वरखर्च निघतो. मळी डिस्टिलरीची. प्रेसमड खताला. आणि तुमचा भुसा, म्हणजे बगॅस, तो तर कारखान्याचा जीव. शंभर टन ऊस गाळला की अठ्ठावीस-तीस टन बगॅस निघतो, अर्धं वजन पाण्याचं. तो बॉयलरमध्ये जातो, त्याच्यावर कारखाना चालतो आणि वरची वीज महावितरणला विकली जाते. कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठच्या कुठल्याही कारखान्यात जाऊन विचारा, बगॅस फुकट न्या म्हणून कोणी सांगतंय का.

मामा: फुकट कोण मागतंय? पैसं मोजून घ्यायचा. सोलापूरकडं वेळापूरला बगॅसपासून पार्टिकल बोर्ड करायचा कारखाना निघालाच की, नव्वदनंतर. मी त्याचा माल वापरलाय. करवतीखाली स्वच्छ कापतो, गाठ न्हाई, चीर न्हाई. लाकडाच्या फळीत गाठ आली की पातं उडतंय. अमेरिकेत तर शंभर वर्सांपूर्वी सेलोटेक्स करत होते चोथ्याचं, जावईबापूंनीच वाचून दाखवलं मागं.

(वाचून दाखवलं होतं खरं. लुइझियाना हा तिकडचा उसाचा प्रांत; तिथे १९२० च्या दशकात चोथ्यापासून भिंती-छताला लावायचे हलके बोर्ड बनू लागले. कल्पना जुनी आहे. नवी असती तर आपल्याकडे एव्हाना तिच्यावर एखादी परिषद झाली असती.)

भाची: आणि वर्षाचे बारा महिने बोर्ड करायचा, तर ऊस मिळतो पाच महिने. चोथ्यात साखर राहिलेली असते. ढीग घालून ठेवला की आंबतो, तापतो, पेट घेतो. फळी झाल्यावरही साखर उरली तर वाळवीला आमंत्रण. हे तुमच्या सुतारकामात येत नाही, कारण तुमच्याकडे फळी येते.

मामा थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी पिशवीतून प्लायची हातभर पट्टी काढली आणि दोन विटांवर टेकवली. मधोमध अंगठा दाबला.

मामा: आता बघ. वाकली का? खालचा थर ताणला, वरचा दबला. मधल्याला काय झालं? काई न्हाई. मधल्याचं काम एवढंच, वरच्याला आन् खालच्याला एकमेकांपासनं लांब धरायचं आन् सरकू द्यायचं न्हाई. आता सांग, पोटात भारी लाकूड घालायचं काय कारण? वर-खाली चांगलं विनियर, आडव्या-उभ्या रेषेचं, पोटात तुझा भुसा. निस्ता भुशाचा बोर्ड स्क्रू धरत न्हाई, मान्य. कप्प्याची फळी लांब केली तर मधी झोळ येतो, ते बी मान्य. पण अंगावर विनियर चढवलं की तोच बोर्ड दुप्पट माणसासारखा वागतोय. ताकद भुशात नसती पोरी, थर कुठं लावला त्यात असती.

भाची: हे पटलं.

मामा: पटलं ना? तुझ्या आजीची कणगी काय होती? तुरकाठ्या विणायच्या आन् वरनं शेणमातीचा हात द्यायचा. निस्ती काठी मोडती, निस्ती माती फुटती. दोन्ही मिळून वर्साची ज्वारी सांभाळायची. भिंतीच्या गिलाव्यात गव्हाचा भुसा घालतच होतो आपण. आन् मिरजेत सतारमेकर गल्लीत जा. भोपळ्याचं कवच आन् तुणीचं लाकूड, मधी सरस. शेतातला माल लाकडाला जोडून शेकडो वर्सं गाणं चाललंय.

भाची: शेकडो नाही, पावणेदोनशे म्हणा. आणि मामा, तो भोपळा टाकाऊ नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे तो मुद्दाम लावतात. आकार यावा म्हणून वेलावर जपतात, निवडून आणतात, शेतकऱ्याला दर मिळतो. सतारीचं आणि तंबोऱ्याचं नाव २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनात गेलं ते भोपळा कुणी उकिरड्यावरून उचलला म्हणून नव्हे.

मामा हसले. त्यांच्या दुकानापासून ती गल्ली चार पावलांवर आहे, त्यामुळे उदाहरण उलटल्याचं दुःख त्यांना जरा जास्त झालं असावं. त्यांनी विषय बदलला.

मामा: बरं, बगॅस कारखान्याचा. वाळल्या पाल्याचं पाचट कुणाचं? सकाळी गाडीतनं बघत आलो, ताकारी, भवानीनगर, मसूर, नुसता धूर. ऊस तुटला की काडी लावत्यात. जाळण्यापरीस मला दिलेलं काय वाईट?

भाचीला याच प्रश्नाची वाट होती.

भाची: पाचट मातीचं. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं. त्यात ४० ते ५० किलो नत्र असतं, ७५ ते १०० किलो पालाश असतं, आणि मुख्य म्हणजे तीन-चार टन सेंद्रिय कर्ब. खोडव्यात सरीत पसरायचं, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू कल्चर टाकायचं, पाणी द्यायचं. पाणी कमी लागतं, तण येत नाही, खोडवा जोमात येतो. आमच्या वाळव्या-पलूसकडची, मिरजेकडची रानं पाणी पाजून पाजून खारवली आहेत, मामा. वरून पांढरी दिसतात. माझ्याकडे नमुना येतो तो पाहून वाईट वाटतं. त्या मातीला सेंद्रिय पदार्थ हवा, आणि तो गोळा करून तुम्ही लोकांच्या वॉर्डरोबमध्ये घालणार.

मामा: मी कुठं घालतोय? शेतकरी जाळतोय.

भाची: जाळतो, कारण पाचटात पाणी सरकत नाही, उंदीर होतात, फुटवा झाकला जातो असं त्याला वाटतं. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र फलटण तालुक्यात, आपल्याच जिल्ह्यात आहे, १९३२ पासून. को ८६०३२ ही उसाची जात महाराष्ट्रात तिथूनच पसरली. तिथले लोक आणि मांजरीच्या वसंतदादा इन्स्टिट्यूटचे लोक पाचट जाळू नका म्हणून सांगून थकले. आता कुट्टी करायची यंत्रं आली, थोडा फरक पडतोय. अशा वेळी बाजारात पाचटाला दर आला तर? जो आज जाळतो तो विकेल, ठीक. पण जो आज कुजवतो, तोही विकेल.

या वाक्यावर मी बॅटरी खाली केली. मामांच्या बाजूने विचार करत होतो, पण याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामांकडे होतं, मात्र ते तिरकं होतं.

मामा: इकायला ते उचललं तर पायजे. पाचट म्हंजे हवा. ट्रॉलीभर भरा, वजन काट्यावर कळत न्हाई. डिझेल कुणाच्या खिशातलं?

भाची: तेच तर. फलटणला यावर आयुष्य घातलेली माणसं आहेत. निंबकर संस्थेत नव्वदच्या दशकात सुटं पाचट आणि बगॅस जाळून गॅस करायची भट्टी चालवली. पाचट हलकं, भट्टीत अडकतं, त्यात राख फार, सगळं त्यांनी भोगलं. आनंद कर्व्यांच्या 'आरती' संस्थेने दुसरी वाट धरली. पाचट नेण्याऐवजी रानातच त्याचा कोळसा करायचा, मग वजन कमी आणि किंमत जास्त. २००२ मध्ये त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. ज्यांनी ज्यांनी पाचटाला हात घातला त्यांना पहिला धडा मिळाला तो वाहतुकीचा. तुमची प्रेस तर रानात येणार नाही.

मामा: न्हाई येत. दीडशे-पावणेदोनशे डिग्री तापमान लागतंय, वर दाब.

भाची: आणि वर तो सरस. फळी नवी होती तेव्हा कपाट उघडलं की माझे डोळे चुरचुरायचे. फॉर्मल्डिहाइडने माणसाला कर्करोग होतो, हे कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्येच ठरवलंय. शेतातलं घालून पर्यावरण वाचवलं म्हणायचं आणि शंभर किलो भुशाला दहा किलो ते विष.

मामा: सगळ्याच प्लायला तेच हाय, उसाला एकट्याला बोल लावू नको. पाण्यातल्या कामाला फिनॉलचा सरस असतो, तो सुटत न्हाई, वास बी कमी. आता एक गंमत सांगतो. मी लग्नाआधी दोन वर्सं प्लायच्या प्रेसवर काढली. तिथं सरसात मैदा घालायचो. पोत्यानं. बाहेरच्याला वाटायचं, ही भेसळ चाललीय. पण निस्ता पातळ सरस लावला तर विनियर तो पिऊन टाकतंय, सांधा कोरडा ऱ्हातो, दोन महिन्यांत पापुद्रा सुटतो. मैदा घातला की सरस जागेवर ऱ्हातो. फिनॉलच्या सरसात नारळाच्या करवंटीची बारीक पूड घालत्यात. तुला शेतातला माल लाकडाला ताकद देतो का बघायचंय ना, तो तिथं देतो. सांध्यात. चिमटीभर.

भाची: मैदा खायचा असतो.

मामा: म्हणून तर म्हणतो, मैद्याच्या जागी करवंटी, शेंगाची टरफलं, बगॅसची चाळलेली पूड. तुझ्या मातीला त्यानं काय तोटा?

भाची: काही नाही. आणि खरं सांगू, यापेक्षा मोठी गोष्ट आहे. चोथ्यात साधारण पाचवा हिस्सा लिग्निन असतं. झाडाच्या धाग्याला धागा चिकटवून ठेवणारा सरस तोच. त्याची घडण फिनॉलसारखी, म्हणून फिनॉलच्या सरसातला काही भाग काढून तिथे लिग्निन घालता येतं. चोथ्याचा कागद करणाऱ्या गिरण्यांच्या काळ्या पाण्यातून ते निघतंच, आणि बहुतेक ठिकाणी जाळलं जातं. भुसा फळीत घालण्यापेक्षा भुशातला सरस काढून लाकडाला लावा.

मामांना हे फारच आवडलं. "म्हंजे लाकडाला लाकडाचाच सरस," असं दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांच्या डोळ्यांत हिशेब दिसला. दर विचारतील असं वाटलं, पण त्यांनी विचारला नाही.

मामा: तुझ्या मतानं मग कुणाच्या मालकीचं नसलेलं असं रानात काईच न्हाई?

भाची बराच वेळ बोलली नाही. नवीन फळीवर पेन्सिलीने रेघ मारून झाली, तेव्हा म्हणाली,

भाची: द्राक्षाच्या काड्या.

मामा: हां!

भाची: तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग, जत. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. दोन्ही वेळा बागेत काड्यांचा खच पडतो. त्या मातीत घालायला मीही सांगेन, पण त्यांच्यावर डाऊनी रोगाचे बीजाणू असतात, पिठ्या ढेकूण असतो. रोगट काड्या बागेबाहेर न्या, असं द्राक्षाचे तज्ज्ञच सांगतात. म्हणून त्या बांधावर जळतात. आणि काडी म्हणजे लाकूडच, पाचटासारखी हवा नाही. ग्रीसच्या संशोधकांनी २००२ मध्ये द्राक्षाच्या काड्यांचे बोर्ड करून पाहिले. निव्वळ काडीचा बोर्ड कमी पडला, लाकडाच्या चिपांत मिसळला तेव्हा बरा उतरला.

मामा: काडीत बी पोकळ गर असतोय, म्हणून. आन् साल सुटी, ती आधी काढाय पायजे. अजून एक, तारेला बांधलेली सुतळी काडीबरोबर येणार. ती चिपरमध्ये गेली की गुंडाळून बसती, पातं बंद. सुतळी काढायला बायका लावाव्या लागत्याल. त्याची मजुरी धर.

भाची: आणि मोरचूद, गंधक. फवारणीचं काडीवर राहतं. फळी जाळली तर धुरात जाणार, सरसावर काय परिणाम होईल तोही तपासायला हवा.

मामा: तपास की. तू तपास, मी दाबतो. मधी काडीचा थर, वर-खाली निलगिरीचं विनियर. किती बागांच्या काड्या लागत्याल?

भाची: ते मला नाही माहीत.

दोघं एकदम गप्प झाले. इतका वेळ दोघांनाही सगळं माहीत होतं. मामांनी नवी फळी बसवली: पाण्यात टिकणारी, आयएस ७१० ची, पोटात भुसा-बिसा काही नाही. भाचीने ते बोलून दाखवलं. मामा म्हणाले, सिंकखाली प्रयोग करत नसतात. कडेला पट्टी मारली, पाठीमागच्या कडेलासुद्धा, जिथे कुणी बघणार नाही तिथे, आणि वरून फेविकॉलचं बोट फिरवलं.

मोडलेल्या फळीचे तुकडे दाराशी पडले होते. भाचीने एक उचलून चुरगाळला, वास घेतला.

मामा: रानात टाक. युरियाच हाय त्यात.

भाची: चेष्टा करू नका, खरंच आहे. युरिया-फॉर्मल्डिहाइड हळूहळू सुटणारं खत म्हणून वापरतातही. पण ते वेगळ्या प्रमाणातलं. हे असं कुजायला किती वर्षं लागतील, आणि वरचा मायका तर कुजणारच नाही. भुसा होता तेव्हा एका पावसाळ्यात मातीत गेला असता.

मामा: पण मग जावईबापूंना तीन वर्सं कपाट मिळालं नसतं.

संध्याकाळी मामांना स्टेशनवर सोडून आलो. दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली तेव्हा तुकडे घेऊन खाली उतरलो. गाडीवरच्या पोराने एक तुकडा हातात घेतला. कड अजून ओलसर होती, बोटाला तपकिरी लागलं. त्याने आधी हिरव्या कप्प्याकडे पाहिलं, मग निळ्या.

"काका, हे ओल्यात टाकायचं का सुक्यात?"

मी वर खिडकीकडे पाहिलं. बायको तिथे उभी होती, आणि तीही विचारात पडली होती.